बांधावरची पिवळी फुलं



थंडी पडली की आमच्या रायगड जिल्ह्यात पोपटीचे वेध लागतात. ज्यांना पोपटी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वालाच्या ताज्या शेंगा, बटाटे, कांदे, रताळी यांना जाडं मीठ आणि ओवा चोळायचा आणि ते सगळं मडक्यात भरायचं. (हल्ली अंडी आणि कोंबडीही भरतात. आमच्या लहानपणी शेंगा मिळाल्या तरी दिवाळी!) मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला गच्च दाबून बसवायचा. मग मडकं शेतात उपडं घालायचं, भोवती पालापाचोळा आणि काटक्या रचायच्या आणि पेटवून द्यायचं. आत पाण्याचा एक थेंबही घालायचा नाही. शेंगांच्या आणि भांबुर्ड्याच्या अंगच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं आणि भांबुर्ड्याचा तो उग्र वास शेंगांना लागतो. तो वास नसेल तर ती पोपटी नव्हे, नुसत्या उकडलेल्या शेंगा.

हा भांबुर्डा कुणी पेरत नाही आणि कुणी विकतही नाही. भातकापणी झाली की बांधावर, माळावर तो आपोआप उगवतो. पोपटी लावायची ठरली की पोरांना पिटाळायचं, दहा मिनिटांत काखेत मावणार नाही एवढा पाला हजर.

जानेवारी २०२२ ची गोष्ट. करोनामुळे दोन वर्षं माहेरी पोपटीला जाणं झालं नव्हतं. माझं माहेर रोहा तालुक्यात, कालव्याच्या काठी असलेलं एक लहानसं गाव. संध्याकाळी अंगणात मडकं धुऊन ठेवलं होतं, शेंगा निवडून झाल्या होत्या, पण भाचा काही येईना. तासाभराने तो मोटारसायकलवरून आला, मागे भांबुर्ड्याची पेंढी बांधलेली. मी म्हटलं, "अरे, भांबुर्डा आणायला मोटारसायकल कशाला?"

तो हसत म्हणाला, "आत्या, आपल्या बांधावर आता भांबुर्डा कुठे राहिलाय? सगळी तुझी फुलंच आहेत. तीन गावं सोडून जावं लागलं."

"तुझी फुलं" तो अगदी सहज म्हणाला, त्यात टोमणा नव्हता. पण मला त्या रात्री पोपटी गोड लागली नाही.

आता माझा गुन्हा सांगते.

मी २००९ साली शाळेतून निवृत्त झाले. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. पेणला आमचं बैठं घर आहे, पुढे हातभर अंगण. नोकरीत असताना त्या अंगणाकडे बघायला सवड नव्हती. निवृत्तीनंतर हौस आली. एका रोपवाटिकेतून मी एक कुंडी आणली. चकचकीत हिरवी पानं, त्यांना तीन टोकं, आणि वर सूर्यफुलाच्या बाळासारखी पिवळीधमक फुलं. नाव विचारलं तर माळी म्हणाला, "वेडेलिया. बाई, याला काही करावं लागत नाही. खत नको, छाटणी नको, बारा महिने फुलं. नुसती जमिनीवर सोडा."

मी सोडली. खरोखरच काही करावं लागलं नाही. वर्षभरात अंगणाच्या कडेला हिरवी सतरंजी अंथरल्यासारखं झालं. आमचे हे सुद्धा, ज्यांना झाडाझुडपांचं फारसं कौतुक नाही, म्हणाले, "हे बरं केलंस."

माहेरच्या घरामागे उतार आहे. उताराच्या पायथ्याशी कालव्याचा पाट, पाटापलीकडे आमची भातशेती. दर पावसाळ्यात उताराची माती घसरून पाटात येई आणि धाकटा भाऊ घमेली घेऊन ती उपसत बसे. २०११ च्या जूनमध्ये मी वेडेलियाच्या पंधरा-वीस काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि दिव्याहून येणाऱ्या रोह्याच्या गाडीत पेणला चढले. कासू, नागोठणे, निडी, रोहा. तासाभराचा प्रवास, पिशवी मांडीवर. समोरच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी कौतुकाने पिशवी उघडून दाखवली आणि दोन काड्या त्यांनाही दिल्या. त्यांनी त्या कुठे लावल्या, देव जाणे.

भावाने आणि मी मिळून त्या काड्या उतारावर टोचल्या. आणि मंडळी, प्रामाणिकपणे सांगायला हवं, उपाय लागू पडला! दोन पावसाळ्यांत उतार बांधला गेला. माती घसरायची थांबली. गावात भाऊ सांगत सुटला, "ताईने आणलंन् हे." शेजारीपाजारी काड्या मागून नेऊ लागले.

इथे आमच्या कालव्याविषयी दोन शब्द, कारण पुढची गोष्ट त्याच्याशी निगडित आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या मार्गशीर्षानंतर आटतात. रोह्याची कुंडलिका तशी नाही. घाटमाथ्यावर मुळशीचं धरण आहे. सेनापती बापटांनी १९२१ पासून ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह केला, तेच हे धरण. त्या धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं. टाटांचं हे वीजघर १९२७ साली सुरू झालं. वीज करून झाली की ते पाणी कुंडलिकेत सोडतात आणि खाली कोलाडजवळ डोलवहालच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत घेतात. म्हणून आमच्या बांधांना ऐन उन्हाळ्यातही ओल असते. मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या, त्याच्या ओलीवर आमच्याकडे दुसरं पीक उभं राहिलं. पस्तीस वर्षं इतिहास शिकवताना मुळशीचा सत्याग्रह मी शिकवला, पण माझ्या माहेरच्या पाटातलं पाणी त्याच धड्यातून येतं हे मुलांना सांगायचं सुचलं नाही. असो.

तर ओल ही वेडेलियाची आवड. ती बिया फारशा धरत नाही, तिला त्याची गरजच नाही. खोड जमिनीवर सरपटत जातं आणि जिथे पेर टेकेल तिथे मूळ धरतं. खुरप्याने तोडली तर एकाच्या चार होतात. तुकडा पाण्यात पडला तर वाहत जातो आणि जिथे अडकेल तिथे रुजतो. आमचा पाट तिला आयता रस्ता मिळाला. उतारावरून ती पाटात, पाटातून बांधावर, एका बांधावरून पुढच्या बांधावर अशी गेली. पाच-सहा वर्षांत खालच्या वस्तीपर्यंतचे बांध पिवळे झाले. म्हशी तिला तोंड लावत नाहीत. तिच्या गच्च पसाऱ्याखाली ऊन पोचत नाही आणि दुसरं बी रुजत नाही. तिच्या पानामुळांतून उतरणाऱ्या द्रव्यांमुळे इतर रोपांची उगवण खुंटते, असंही संशोधकांना आढळलं आहे.

पोपटीच्या त्या रात्रीनंतर मी या झाडाचा इतिहास शोधायला बसले. दुसरं काही येत नाही मला. भाच्याच्या मुलीने संगणकावर मदत केली, काही पुस्तकं वाचनालयातून आणली.

हिचं मूळ घर मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतचा उष्ण प्रदेश आणि कॅरिबियन बेटं. लिनिअसने १७५९ साली हिला शास्त्रीय नाव दिलं. पुढे 'वेडेलिया' हे नाव जे रूढ झालं ते गेओर्ग वेडेल नावाच्या सतराव्या शतकातल्या जर्मन वैद्याच्या आठवणीसाठी. १९९६ साली शास्त्रज्ञांनी तिचं कूळ बदलून स्फॅग्नेटिकोला केलं. रोपवाटिकांनी मात्र जुनंच नाव चालू ठेवलं, आणि ते बरंच आहे, नवं नाव माझ्या जिभेला वळत नाही! विसाव्या शतकात बागांसाठी, रस्त्यांच्या कडांसाठी, उतारांसाठी ती जगभर नेली गेली. पॅसिफिकमधली बेटं, ऑस्ट्रेलियाचा क्वीन्सलँड प्रांत, दक्षिण चीन... जिथे गेली तिथून कुंपण ओलांडून बाहेर पडली. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवजातींची एक यादी २००० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या तज्ज्ञगटाने काढली. त्या यादीत माझी वेडेलिया आहे. मी तिला माहेरी नेलं त्याच्या अकरा वर्षं आधीपासून आहे!

वाचून मला कसंसंच झालं. गोष्ट छापलेली होती, फक्त मी वाचलेली नव्हती.

पण खरा धक्का वेगळाच होता. शोधता शोधता कळलं की ही गोष्ट आपल्याकडे आधी घडून गेलेली आहे, एकदा नव्हे, अनेकदा. आणि ती माझ्या डोळ्यांसमोर होती.

आमच्या लहानपणी शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना घाणेरी असायची. घाटावर तिला टणटणी म्हणतात. तिच्या फुलांचे इवलेसे झुबके, मध्ये पिवळी आणि कडेला गुलाबी किंवा केशरी. आम्ही फुलं उपटून देठाकडून मध चोखायचो, पिकलेली काळी फळं खायचो. मला वाटायचं, घाणेरी म्हणजे कोकणाइतकीच जुनी. शंकरपार्वती सारीपाट खेळत असतील तेव्हाही कैलासाच्या पायथ्याशी घाणेरी असेल!

प्रत्यक्षात घाणेरीही अमेरिकेची. सतराव्या शतकात डच लोकांनी तिला युरोपात नेलं. तिथल्या काचघरांत माळ्यांनी संकर करकरून तिचे अधिकाधिक रंगीत आणि अधिकाधिक काटक प्रकार तयार केले. १८०७ ते १८०९ च्या सुमारास ती ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, शोभेचं झुडूप म्हणून. साहेबांच्या बंगल्यांभोवती कुंपणाला लागली. गुरं खात नाहीत म्हणून शेतकऱ्यांनीही कुंपणाला लावली. (खाल्ली तर गुरांना कावीळ होते आणि उन्हाने कातडी सोलवटते.) बुलबुलांनी फळं खाल्ली आणि बिया रानोमाळ केल्या. पुढची शंभर वर्षं कुणाच्या हातात राहिली नाहीत.

तिला आवरायचे प्रयत्नही जुने आहेत. हवाई बेटांवर १९०२ साली मेक्सिकोहून तिचे शत्रुकीटक आणून सोडले. भारतातही १९२१ साली हवाईहून एक बारीक माशी आणली, जी तिच्या फळात अंडी घालते. माशी राहिली, घाणेरीही राहिली. देहरादूनच्या वन्यजीव संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या अधिवासक्षेत्रापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भागात, म्हणजे सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलात, घाणेरी पसरली आहे. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ३,०८,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे निम्मा महाराष्ट्र. एका बागेतल्या एका शोभेच्या झुडपापासून सुरुवात.

आपल्या जवळचंही उदाहरण आहे. पुण्याजवळ दापोडीला १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम यांच्या काळात सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. देशोदेशीची झाडं आणायची, इथल्या हवेत जगतात का बघायचं आणि लोकांत वाटायची, असं त्याचं काम. डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८३८ पासून त्याचे प्रमुख होते, पुढे ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. तिथल्या झाडांची १८४७ ते १८५० च्या दरम्यान काढलेली सुंदर रंगीत चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. ती एका हिंदी चित्रकाराने काढली, त्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. गिब्सनसाहेब वाईट माणूस नव्हते. जंगलतोडीने पाऊस आणि पाणी कमी होईल असा इशारा देणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत ते होते. परकं झाड आणणं हे त्या काळी पुण्यकर्मच मानलं जाई, आणि मी २०११ साली त्याच भावनेने पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

तिसरी गोष्ट गाजरगवताची. १९५५ साली पुण्यात प्राध्यापक परांजपे यांना कचऱ्याच्या ढिगांवर एक अनोळखी रोप दिसलं. १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात राव यांनी त्याची भारतातली नवी नोंद म्हणून माहिती छापली. आपण सगळे सांगतो की अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हातून ते आलं. मीसुद्धा वर्गात तसंच सांगत असे. पण पीएल-४८० चा भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि रोप दिसलं होतं त्याच्या आदल्या वर्षी. म्हणजे गव्हाच्या जहाजांनी त्याचा प्रसार वाढवला असेलही, पण पहिलं आगमन त्यांच्या माथी मारता येत नाही. तारखा मांडून बघायला मी मुलांना शिकवायची आणि स्वतः मात्र मांडल्या नव्हत्या. आपल्याला आवडत नसलेल्या पाहुण्याच्या पिशवीतूनच सगळी पीडा आली असं मानायला बरं वाटतं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि या गाजरगवताला मराठीत आणखी एक नाव आहे: चटकचांदणी. किती गोड नाव! पहिल्यांदा ज्याने दिलं असेल त्याला ती पांढरी फुलं नक्कीच आवडली असणार.

नावांचाही एक इतिहास असतो. आपल्या वेडेलियाला ऑस्ट्रेलियात 'सिंगापूर डेझी' म्हणतात. सिंगापूरशी तिच्या मूळ घराचा काही संबंध नाही. आपणही असंच करतो. मेक्सिकोच्या चिंचेला विलायती चिंच म्हणतो. आणि सीताफळ, रामफळ? वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात, ही दोन्ही अमेरिकेतली. आपण त्यांना थेट वनवासात नेऊन बसवलं.

म्हणूनच एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. 'परकं झाड म्हणजे वाईट झाड' असं म्हणणाऱ्यांत मला बसायचं नाही. तसं म्हटलं तर आपलं ताट रिकामं होईल. मिरची परकी, बटाटा परका, टोमॅटो, काजू, पेरू, अननस सगळे पोर्तुगीज काळात आलेले. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. देवळापुढचा पांढरा चाफा अमेरिकेचा. शाळेच्या पटांगणातला गुलमोहर आणि दारातली सदाफुली मादागास्करची. शाळेत मुलं पडली की ज्याचा रस आम्ही गुडघ्यावर पिळायचो तो दगडीपालासुद्धा अमेरिकेचाच. पोपटीच्या मडक्यातले बटाटे नि रताळीही परकीच, आणि त्यांनी भांबुर्ड्याशी कधी भांडण केलं नाही.

भांडण कुठे सुरू होतं? जे झाड दुसऱ्याला जागाच ठेवत नाही तिथे. मिरचीला आपण पेरावं लागतं. झेंडूचं बी धरून ठेवावं लागतं. त्यांचं पसरणं आपल्या हातात आहे. वेडेलियाला आपली गरज फक्त पहिल्या दिवशी होती. जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाने २०२३ साली जगाचा हिशोब मांडला. माणसाने इकडून तिकडे नेलेल्या जीवजाती ३७,००० हून जास्त, आणि त्यांतल्या घातक ठरलेल्या ३,५०० हून जास्त. म्हणजे दहातली साधारण एक. पण त्या एकीचा घाला मोठा असतो, आणि ती आणताना बाकी नऊंसारखीच दिसते.

आणखी एक गंमत, खरं तर दुःखच. वेडेलियाची एक सख्खी बहीण आपल्याकडे मुळापासून आहे: पिवळा माका. भाताच्या ओल्या बांधांवर उगवते. फूल जवळजवळ तसंच, पण पान लांबट, तीन टोकांचं नाही. माझी आई तिचा पाला तेलात घालायची. माहेरच्या बांधावर वेडेलिया पसरली तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, आपला माकाच यंदा जोमात आहे! दक्षिण चीनमध्ये या दोन बहिणींचा संकर होऊ लागल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे. तिथे आता खरा माका ओळखणंही अवघड होत चाललं आहे.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला कातकरी वाडी आहे. तिथली एक म्हातारी पावसाच्या सुरुवातीला बांधाबांधावरून रानभाज्या खुडून रोह्याच्या बाजारात विकायची. मी तिला विचारलं, "तुला कधीपासून कळलं होतं?" ती म्हणाली, "तिसऱ्या पावसालाच. भाजी मिळंना झाली." मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस?" तिने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं आणि म्हणाली, "तुमी लावलेली व्हती ना, बाय."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. मास्तरीणबाईंनी लावलं म्हणजे चांगलंच असणार, किंवा चांगलं नसलं तरी बोलायचं नाही. ज्यांना सर्वांत आधी कळतं त्यांना कुणी विचारत नाही. घाणेरीच्या वेळीही बंगल्याच्या कुंपणाबाहेर गुरं राखणाऱ्या पोराला साहेबाच्या आधी कळलं असेल. त्याचं म्हणणं कुठल्या दप्तरात नोंदलेलं सापडणार?

आणि तसंच घरातही घडलं होतं, हे मला नंतर कळलं. माझा भाऊ २०१९ साली गेला. वर्षश्राद्धाला करोनामुळे जाता आलं नव्हतं. २०२२ च्या त्या पोपटीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावजयीला म्हटलं, "अगं, मी ही सगळी उपटून काढायची म्हणतेय." ती काही बोलेना. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "ताई, ह्यांना चार-पाच वर्षांपूर्वीच समजलं होतं. पाट तुंबायला लागला होता. मी म्हटलं काढून टाका. तर म्हणाले, ताईने आवडीने आणून लावलीय, तिला वाईट वाटेल. ती पुढच्या वेळी आली की विचारू. मग तुम्ही यायच्या तेव्हा स्वतःच इतकं कौतुक करायच्या की ते विचारायचेच नाहीत."

मंडळी, मी बराच वेळ त्या उतारावर बसून राहिले. माझा भाऊ दर वर्षी पाटातली वेडेलिया एकटा काढत असे, आणि मी येणार म्हटलं की उतारावरची तेवढी राखत असे. मी शिकवलेल्या इतिहासात झाडं पसरण्याची कारणं होती: व्यापार, साम्राज्य, जहाजं. माया हे कारण कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पण किती कुंपणांवरची घाणेरी केवळ कुणाच्या आईने लावली म्हणून राहिली असेल!

मग आम्ही कामाला लागलो. भाचा, भावजय, मी आणि रोजावर वाडीतली चार माणसं. त्या म्हातारीला मी मुद्दाम बोलावलं आणि कुठून सुरुवात करायची ते तिलाच ठरवू दिलं. ती म्हणाली, वरून खाली. पाणी वरून येतं, तर खालचं आधी काढून काय उपयोग? आम्ही वेड्यासारखे पाटापासून सुरुवात करणार होतो.

या कामात काय कळलं ते लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल. पावसात उपटू नये, तुकडे रुजतात. मार्च-एप्रिलमध्ये, माती भुसभुशीत करून, पेरांसकट ओढून काढावी. काढलेली पाटात किंवा उकिरड्यावर टाकू नये. कातळावर पसरून कडक उन्हात पार वाळू द्यावी आणि मग जाळावी. पहिल्या पावसानंतर महिन्यातून एकदा फिरून नवे कोंब काढावेत. एका वर्षात संपत नाही. आम्हाला चौथं वर्ष उजाडलं. उतार उघडा पडून पुन्हा माती घसरू नये म्हणून तिथे वाळा लावला आहे. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात, माती धरतात आणि तो जागच्या जागी राहतो. शेजाऱ्यांकडे मी स्वतः घरोघर जाऊन सांगितलं, की ही मी दिलेली चूक आहे, परत घेते. काहींनी काढली, काहींनी "राहू दे हो बाई, छान दिसते" म्हणून ठेवली. त्यांना मी काय बोलणार?

पेणच्या अंगणातलीही काढली. तिथे आता अबोली आहे. हे म्हणाले, "अंगण ओकंबोकं दिसतं." दिसतं खरं.

सगळीकडची वेडेलिया संपेल असं मला वाटत नाही. खालच्या वस्तीच्या पुढे ती गेली आहे आणि पाट पुढे नदीला मिळतो. गाडीतल्या त्या बाईंना दिलेल्या दोन काड्यांचं काय झालं हे मला कधीच कळणार नाही.

यंदा जानेवारीत पोपटीला गेले होते. वरच्या दोन बांधांवर भांबुर्डा आला आहे. फार नाही, विरळ विरळ. भाच्याची मुलगी तोडायला निघाली तेव्हा मी म्हटलं, "इथला नको गं, याला बी धरू दे." मडक्यासाठी पाला त्या तीन गावं पलीकडूनच आणला. वेळ लागला, पण पोपटी चांगली झाली.

तुमच्या अंगणात ही पिवळी फुलं असली तर घाबरून जाऊ नका. कुंडीत असली तर कुंडीतच राहू द्या, ओढ्या-पाटाजवळ तिचा तुकडाही टाकू नका, आणि कुणी हौसेने काडी मागितली तर कृपा करून देऊ नका.